दोन बोटं उघडी झडप

आमच्या वॉलूना गावच्या कौन्सिलच्या सभेतून कोण, कुठल्या विषयाला, किती वाजता उठून बाहेर गेलं आणि किती वाजता परत आलं, हे जाणून घ्यायचं असेल तर ग्लेनिस रोचला विचारावं. चौतीस वर्षं ती सभेचं इतिवृत्त लिहिते आहे. सभा भरते त्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमधलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, म्हणून ती मनगटावरचं बघते, आणि तेही रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांशी जुळवून घेते. तिचा नवरा रॉन म्हणायचा, "मी मेलो तर ही बाई आधी वेळ लिहील आणि मग रडेल." रॉन गेला तेव्हा तिने खरोखरच घड्याळ पाहिलं. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

अशा या बाईच्या चौतीस वर्षांच्या वह्यांत एकच नोंद अशी होती, जी मिनिटाबरहुकूम खरी होती आणि तरी धादांत खोटी होती. बारा वर्षं ती नोंद तिच्या मनात कुसळासारखी सलत होती. त्यामागचं सगळं ठाऊक असलेलं दुसरं माणूस एकच, तिचा थोरला भाऊ केल्विन पेंगिली.

त्या शुक्रवारी सकाळी पावणेसातला ती त्याच भावाच्या गाडीत बसून ॲडलेडला निघाली. राज्यातल्या सगळ्या कौन्सिलांचं वार्षिक संमेलन होतं आणि अकरा वाजता ग्लेनिसने व्यासपीठावर उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं होतं. विषय होता वॉलूनाचा 'बाकाचा नियम'. मांडीवरच्या फाइलमध्ये टाइप केलेली चार पानं होती. बाहेर गव्हाची शेतं पिवळी पडायला लागली होती, पण तिचं लक्ष कशातच नव्हतं.

"कितव्यांदा वाचतेस?" केल्विनने विचारलं.

"चौथ्यांदा."

"गाडीत वाचलं की तुला मळमळतं. लहानपणापासून. बंद कर ती फाइल."

तिने फाइल बंद केली.

बाकाचा नियम तसा साधा. एखाद्या विषयात सदस्याचा स्वतःचा फायदा-तोटा असेल, तर त्याने तसं सांगायचं, उठायचं, आणि नुसतं हॉलबाहेर नव्हे, इमारतीच्याच बाहेर जायचं. रस्ता ओलांडून बेकरीसमोरच्या हिरव्या बाकावर बसायचं. शेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, कोण आणि कुठला विषय. विषय संपला की ऑफिसातलं कुणीतरी दारात येऊन हात करतं, तेव्हा परत यायचं. चार वर्षांपूर्वी नियम आला तेव्हा सदस्यांचा नुसता थयथयाट झाला. शाळेतल्या वांड पोरांसारखं बाहेर बसवता काय, आमची काही अब्रू आहे की नाही! पण गावाला बाक फार आवडला. बेकरीतून पेस्टी, म्हणजे खिम्याची भाजकी करंजी, घेऊन निघालेला जो तो बाकापाशी थांबायचा, फळा वाचायचा आणि विचारायचा, "काय रे, आज कसलं?" मग बसणाऱ्याला सांगावंच लागे. तोंड चुकवायला जागा कुठली? आपलं कौन्सिल काय करतं हे आमच्या गावाला निम्मंअधिक त्या बाकावरच कळलं. आता तर लग्नाकार्यातही कुणी विचारलं, "माझ्या बायकोचा केक कसा झालाय?" तर सासरा म्हणतो, "मी बाकावर."

त्याआधीची रीत वेगळी होती. हॉलच्या मागे जेवणखाणाची खोली आहे आणि मधल्या भिंतीत चहाचे कप द्यायला लाकडी झडप आहे. हितसंबंध सांगितलेला सदस्य त्या मागच्या खोलीत जायचा, आणि रिकामाच बसलाय तर म्हणून सगळ्यांचा चहा करायचा. त्यामुळे आमच्याकडे हितसंबंध असण्याला 'चहाला जाणं' म्हणत. "पुढच्या विषयाला चहाला कोण जातंय?" असं मेयर भर सभेत विचारायचा आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. ग्लेनिसची खुर्ची बरोबर झडपेखाली. कुणी चहाला गेलं की झडप लावून घ्यायची आणि चहा झाला की उघडायची, हे तिचं काम.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"ग्लेन," केल्विन समोर बघत म्हणाला, "कागदावर आहे तेवढंच वाचणार ना तू?"

बारा वर्षांत तो प्रथमच त्या गोष्टीच्या इतक्या जवळ आला होता.

"तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे," ती म्हणाली. "'आमच्या जुन्या पद्धतीत कधीही कोणताही गैरप्रकार घडला नव्हता, बाकाचा नियम हा केवळ सावधगिरीचा उपाय आहे.' आपल्या मेयरने, नेव्हिलने घातलंय."

"बरोबर घातलंय."

"केल."

"मग काय लिहायचं होतं त्याने? आणि मी काय मागितलं होतं गं? ते विचारत होते, जमीन फुकट देणार का. मी दिली की नाही? अर्धा एकर दिली. एका पैला हात लावला नाही."

"दिलीस."

"बस घसरेल हे कुणाला ठाऊक होतं?"

"कुणालाच नाही," ग्लेनिस म्हणाली. खरं होतं ते. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसणं जमलं.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कौन्सिलकडे एकच कच्चा रस्ता डांबरी करण्यापुरता निधी होता आणि रस्ते होते दोन. एक चॅपलच्या वळणाचा, शाळेची बस जायची तो. दुसरा खाऱ्या तळ्याचा, जो केल्विनच्या शेताला लागून जातो. केल्विन तेव्हा सदस्य होता. सभा दुपारी दोनला होती. सकाळी मागच्या खोलीच्या पायरीवर तो ग्लेनिसला भेटला आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, "आज झडप पुरती लावू नकोस गं. दोन बोटं उघडी ठेव. त्या बंबाची वाफ कोंडते आत."

बंबाची वाफ वर्षानुवर्षं कोंडत होती. ग्लेनिस काही खुळी नव्हती. पण थोरल्या भावाने सांगितलं आणि तिने झडप दोन बोटं उघडी ठेवली.

सभेत तीन विरुद्ध तीन झाले. निर्णय म्हाताऱ्या मेयरकडे आला. तो आता हयात नाही. त्याने चष्मा पुसत विचारलं, "तळ्याच्या रस्त्याला रुंदीसाठी जमीन लागेल. विकत घ्यायची तर आपल्याला झेपणार नाही. मालक फुकट देतील का?" कुणी काही बोलेना. मालक चहा करत होता. तेवढ्यात झडपेच्या फटीतून कपावर चमचा वाजल्याचा आवाज आला. टण, टण. दोनदा, सावकाश. झडपेकडे एकानेही मान वळवली नाही. नेव्हिल हॅसल, आजचा मेयर, तेव्हा साधा सदस्य होता. तो वहीत बघून हसला. "मला वाटतं, देतील," म्हातारा मेयर म्हणाला, आणि तळ्याचा रस्ता मंजूर झाला. ग्लेनिसने लिहिलं: 'श्री. पेंगिली यांनी हितसंबंध जाहीर करून २.४२ वाजता सभागृह सोडले. २.५८ वाजता परतले.'

ऑगस्टमध्ये चॅपलच्या वळणावर शाळेची बस चिखलात घसरून कलंडली. देवाची कृपा म्हणून मुलं खरचटण्यावर निभावली. बस चालवणारी रॉस हाइनरिख मात्र दाराखाली सापडली. तिचा उजवा हात खांद्यापासून कायमचा लुळा पडला.

आणि त्यानंतर केल्विनने काय केलं असेल? तीन महिने दर आठवड्याला स्वतःच्या गाडीतून रॉसला ॲडलेडच्या हॉस्पिटलात नेलं, आणलं. दर नाताळला तिच्या घरी अख्खं कोकरू पोचवतो. तिच्या अंगणातलं गवत कापतो. रॉस येईल जाईल त्याला सांगते, "केल्विन पेंगिली म्हणजे देवमाणूस." ग्लेनिससमोर तर हमखास सांगते, आणि त्या दिवशी ग्लेनिसला जेवण जात नाही.

आठ वर्षांनी हायडी लिंडनर नावाची नवी मुख्य अधिकारी आली. जुन्या रीतींत काय बदलावं, असं तिने सगळ्या नोकरांना विचारलं. ग्लेनिसने चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या: इमारतीबाहेर, बेकरीसमोरच्या बाकावर. चहा ऑफिसने करावा. हायडीने कारण विचारलं तर म्हणाली, "ऐकू येत नाही हे लोकांना दिसायला हवं." केल्विनला काय समजायचं ते समजलं. नियम लागू व्हायच्या महिनाभर आधी त्याने गुडघ्यांचं निमित्त करून राजीनामा दिला. बाकावर तो कधी बसलाच नाही. दर रविवारचं जेवण मात्र त्याच्याकडेच. बटाटे ग्लेनिसने सोलायचे, मांस त्याने कापायचं आणि हवेबद्दल बोलायचं.

"आपल्या हॉलमध्ये आज मोठा पडदा लावलाय," ॲडलेडच्या वेशीवर केल्विन म्हणाला. "नेव्हिलने पेस्ट्या मागवल्यात. सगळं गाव तुला बघणार आहे."

"ठाऊक आहे."

"रॉसपण येणार आहे. पुढची खुर्ची राखून ठेवायला सांगितलीय तिने." त्याचा आवाज जरा फाटला. "ग्लेन, मी सहासष्ट वर्षांचा आहे. त्या बाईने माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं तर मला सोसायचं नाही. तुझ्याजवळ कधी काही मागितलं नाही मी."

"एकदा मागितलं होतंस," ग्लेनिस म्हणाली.

गाडी लावून तो तिची फाइल हातात घेऊन आत आला आणि चौथ्या रांगेत कडेला बसला.

खरं सांगायचं तर तोवर तिने ठरवलं होतं, कागद वाचायचा. आपल्या माणसात भाऊच तेवढा उरलेला. बाकाचा नियम गावात चालू आहे, झडप बंद झाली आहे, आता जुनी राख उकरून कुणाचं भलं होणार? असं तिने स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलंही. व्यासपीठावर जायला वीस मिनिटं होती. ती चहाच्या टेबलाशी गेली.

तिथे नदीकाठच्या कुठल्याशा कौन्सिलचा वॉरन नावाचा एक गोलमटोल सदस्य तिच्या छातीवरचं नाव वाचून पुढे आला.

"वॉलूना! म्हणजे बाकवाल्या तुम्हीच! अहो, आम्ही मार्चपासूनच तुमचा नियम लागू केलाय. शब्दन् शब्द उतरवून घेतला तुमच्या वेबसाइटवरून."

"अरे वा. बाक कुठे ठेवलात?"

"बाक नाही हो ठेवला. आमच्याकडे नदीवरून असला बोचरा वारा सुटतो, म्हातारे सदस्य गारठून मरतील. आम्ही 'इमारतीबाहेर'च्या जागी 'सभागृहाबाहेर' केलं. स्वयंपाकघरात बसतात आपले उबेला."

ग्लेनिसच्या हातातली बशी थांबली. "रिकामे बसतात?"

"छे, छे! चहा करतात की सगळ्यांचा. तेवढाच वेळ सत्कारणी."

"मधे झडप आहे?"

"म्हणजे काय? नाहीतर चहा येणार कुठून?" वॉरन मनापासून हसला. "आणि आमचं सोडा, अजून चार-पाच कौन्सिलं आमचंच बघून करतायत. तुम्ही मोठंच काम केलंत बाई. कागदावर इतकं चोख बसतं."

त्या भल्या माणसात काडीचं कपट नव्हतं. तेच तर वाईट होतं. वॉलूनाच्या माणसांत तरी कुठे होतं? तिच्या त्या चार पानांतून आज सत्तरएक कौन्सिलांना एक झडप पोचणार होती, वर वॉलूनाचं प्रशस्तिपत्र: कधीही कोणताही गैरप्रकार घडला नव्हता. मग कुठेतरी कुणीतरी चमचा वाजवणार. कुठेतरी एक बस.

तिने कप तसाच ठेवला आणि ती व्यासपीठाकडे निघाली.

व्यासपीठावर दिवे डोळ्यांवर येत होते. समोर चारेकशे माणसं, पुढच्या रांगेत हायडी, आणि एका उंच तिकाटण्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा. त्या दिव्यापलीकडे वॉलूनाचा हॉल होता, पेस्ट्यांचा वास होता आणि पुढच्या खुर्चीत रॉस होती. ग्लेनिसने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. पहिल्या दिवशी फळ्यावर कुणीतरी सदस्याचं चित्र काढलं होतं त्या किश्श्याला लोक खळखळून हसले. मग तिसरं पान आलं. ते वाक्य आलं, आणि ती थांबली.

हायडीने मान वर केली.

"मला एक हितसंबंध जाहीर करायचा आहे," ग्लेनिस म्हणाली.

लोकांना वाटलं हाही किस्साच असेल. थोडे हसले.

"मी जे आता सांगणार आहे, त्यात मी स्वतः आहे आणि माझा भाऊ आहे. आमच्या नियमाप्रमाणे मी उठून बाहेर जायला हवं. पण मी गेले तर हे सांगायला दुसरं कुणी नाही. म्हणून तुमची परवानगी असेल तर मी थांबते."

चौथ्या रांगेत कडेची खुर्ची वाजली. केल्विन उठला होता. टोपी हातात धरून तो क्षणभर उभा राहिला, व्यासपीठाकडे बघत. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, दिव्यांमुळे तिला दिसलं नाही. मग तो मधल्या वाटेने चालत गेला आणि दार त्याच्यामागे आपोआप लागलं. ग्लेनिसचा हात सवयीने पेनाकडे गेला. तिसऱ्या पानाच्या कडेला तिने लिहिलं: ११.०९, श्री. पेंगिली बाहेर.

आणि मग सांगितलं. पायरीवरचं बोलणं, दोन बोटांची फट, कपावर वाजलेला चमचा, वहीत बघून हसलेला माणूस. त्याचं नाव तिने घेतलं नाही, पण वॉलूनाच्या हॉलमध्ये ते घ्यावं लागलंही नसेल. तिने आपली ती नोंद म्हणून दाखवली, दोन बेचाळीस, दोन अठ्ठावन्न. "प्रत्येक अक्षर खरं आहे," ती म्हणाली, "आणि वाचणाऱ्याला वाटेल की तो माणूस त्या निर्णयात नव्हता. तो होता. मी त्याला ठेवला होता. पाच महिन्यांनी एका बाईचा हात गेला. झडप असलेली खोली म्हणजे बाहेर नव्हे. तुम्ही आमचा नियम न्या, पण तो बाकासकट न्या. वारा सुटतो म्हणून बाक वगळू नका."

टाळ्या काही वाजल्या नाहीत. मागे कुणीतरी उभं राहिलं आणि पुन्हा बसलं. ग्लेनिस खाली उतरली तेव्हा हायडी तिला जिन्याशी भेटली. तिचा चेहरा पांढराफटक होता.

"हे मला चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"धीर नव्हता."

"आणि आज?"

"आजही नव्हता. पण त्यांच्याकडे झडप आहे."

वॉरन दाराशी तिची वाट बघत होता. हसू पार मावळलं होतं. "सोमवारी खिळे ठोकून बंद करतो ती," तो म्हणाला.

"खिळे नकोत. माणूस बाहेर काढा," ती म्हणाली आणि गाडीतळाकडे धावली.

गाडीची जागा रिकामी होती.

फोनवर नेव्हिलचे अकरा कॉल येऊन गेले होते. केल्विनचा एकही नव्हता. साडेतीनची बस होती, तोवर ती स्थानकात बसून राहिली. फोन तिने बंद करून टाकला. येताना सगळ्या वाटेत तिला एकच दिसत होतं, रविवारचं टेबल आणि त्यावर एकच ताट. आई गेली त्या वर्षी ती सोळाची होती आणि केल्विनने शिक्षण सोडून शेत धरलं, म्हणून तिला टायपिंग शिकता आलं. त्या माणसाला तिने चारशे लोकांसमोर उघडं पाडलं होतं. चॅपलच्या वळणावर बस आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. रस्ता आता गुळगुळीत डांबरी आहे. अपघातानंतर आठ आठवड्यांत झाला होता.

सहा वाजता ती बेकरीपाशी उतरली. ऊन उतरायला लागलं होतं. बस निघून गेली आणि हिरवा बाक दिसला. बाकावर केल्विन बसला होता.

ती जागच्या जागी उभी राहिली.

"आलीस," तो म्हणाला. आवाज बसलेला होता.

"गाडी घेऊन पळालास. मग काय करणार? बसने आले."

"पळालो खरा. वाटेतल्या बंदरापर्यंत नुसता पळत होतो. मग म्हटलं, पळून जायचं कुठे? तिथून सरळ इथे आलो." त्याने समोरच्या इन्स्टिट्यूटकडे बघितलं. "दीड वाजल्यापासून बसलोय. लोक हॉलमधून बाहेर पडत होते, आत बोलत होते. अक्षर ऐकू आलं नाही गं इथून."

"म्हणून तर इथे ठेवलाय."

"हं."

"कुणी काही बोललं?"

"कुणीही नाही. नेव्हिल मागच्या दाराने गेला. बेकरीवाल्या जूनबाईने पेस्टी आणून ठेवली, तीही न बोलता." पेस्टी कागदात तशीच होती. रस्त्यापलीकडच्या घराकडे त्याने हनुवटीने खूण केली. रॉसचं घर. "पडदा दोनदा हलला."

ग्लेनिस त्याच्याकडे वळली. "केल, मी..."

"राहू दे. मी व्यासपीठावर असतो तर कागदच वाचला असता, आणि मरेपर्यंत कोकरं पोचवत राहिलो असतो." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "किती वेळ बसायचं असतं इथे?"

"विषय संपेपर्यंत."

"आणि दारातून हात कोण करणार?"

नियम तिनेच सुचवलेला होता, पण या विषयाची सभा कुठल्याच हॉलमध्ये भरणार नव्हती. तिने पिशवी खाली ठेवली आणि ती त्याच्या शेजारी बसली. हितसंबंध तिचाही होता. घड्याळाकडे तिने बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने रॉसच्या घराचं दार उघडलं. ती बाहेर आली, डाव्या हाताने फाटक लोटलं आणि रस्ता ओलांडून सरळ त्यांच्याकडे चालत आली. केल्विन उठायला लागला तशी ती म्हणाली, "बस खाली." तो बसला.

ती फळ्यापाशी गेली. खडू उचलला आणि डाव्या हाताने, हळूहळू, वेडीवाकडी अक्षरं काढायला लागली. केल्विन पेंगिली. त्याखाली ग्लेनिस रोच. त्याखाली चॅपलचं वळण. बारा वर्षांत तिला डाव्या हाताने लिहायची सवय पुरती झालीच नव्हती. खडू दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा तिने तो स्वतःच वाकून उचलला, आणि बाकावरच्या दोघांपैकी कुणाचीही हलायची छाती झाली नाही.

मग तिने खडू ठेवला, हात स्कर्टला पुसला आणि ती बाकासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"काय रे केल्विन," ती म्हणाली, "आज कसलं?"

केल्विनने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्याने सांगायला सुरुवात केली, मागच्या खोलीच्या पायरीपासून.